मावशींच्या फोटोसाठी मागून आणलेली रॅम

फोटोशिवायच पत्रक काढू, असं मी म्हणालो तेव्हा मावशींनी मासा कापता कापता हात थांबवला.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. पनवेलच्या मासळी बाजारातल्या बायका, मी जिचं काम करायचो त्या संघटनेच्या मदतीने, आपली सोसायटी काढत होत्या आणि पहिल्या सभेचं पत्रक मी लिहिलं होतं. मी पत्रकांवरच वाढलो. वडील सभांमध्ये ती वाटायचे, आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहायचो. कागदावर माणसाचं तोंड छापणं हा निवडणुकीतल्या उमेदवारांचा धंदा, आपलं काम विचार छापायचं, अशी माझी ठाम समजूत होती.

मावशींची गोष्ट वेगळी होती. त्या करंजाहून मासळी आणून बाजारातल्या कोपऱ्यावरच्या ओट्यावर बसायच्या. नवरा गेल्यापासून त्यांचा धाकटा दीर सगळ्यांना सांगत होता, ओटा आमच्या घराचा आहे, वैनी नुसती बसते, आता माझी सून बसेल. कोणता ओटा कुणाच्या नावावर, हे त्याच सभेत ठरायचं होतं.

"मी लिहिलंय ना, राबेल तिचा ओटा म्हणून," मी म्हणालो.

"अक्षर कोन वाचतंय, पोरा? तोंड समद्यांना वाचता येतं. माजा फोटो टाक, याच ओट्यावर बसलेला. मंग बघू कोन उटवतंय."

स्टुडिओवाल्याने फोटो काढला. कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी तो स्कॅन करून फ्लॉपीवर दिला. पण संघटनेच्या कार्यालयातला आमचा जुना कॉम्प्युटर तो पानावर घेईना. फोटो टाकला की माऊसचा बाण जागच्या जागी थिजायचा. बंद करा, परत चालू करा, परत तेच. मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर तेवढ्याच मशीनवर होतं, त्यामुळे दुसरीकडे जायचीही सोय नव्हती.

"मेमरी कमी आहे तुमची," सर म्हणाले. "चार एमबीत काय होणार? रविवारी क्लास बंद असतो. माझी आठ एमबी रॅमची पट्टी न्या."

मी नाही म्हणालो. सरांच्या क्लासमध्ये आमच्या विरोधकांची पत्रकं टाईप व्हायची. त्यांचं मिंधेपण मला नको होतं. हे मी मावशींना अभिमानाने सांगितलं.

त्या हसल्या. "कालवनात मीठ कमी पडलं, तर शेजारनीला पैला तिचा पक्ष इचारतोस काय रं?"

आणि स्वतःच सरांकडे गेल्या. एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांची मुलगी जासईला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात टायपिंग करायची. तिथल्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली चार एमबीची पट्टी तिने साहेबांना विचारून आणली, जेवणाच्या डब्यात फडक्यात गुंडाळून. त्याच यार्डाविरुद्ध मी एक जहाल पत्रक लिहिलं होतं.

"साहेबांनी वाचलंय ते," ती म्हणाली.

"मग पट्टी दिली कशी?"

"म्हणाले, पोराची भाषा चांगली आहे."

रविवारी दुपारी सर स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतःच आले. तीन पट्ट्या, तिन्ही वेगवेगळ्या कंपनीच्या. सरांच्या पट्टीचे दात सोनेरी, बाकीच्यांचे रुपेरी. अंगातली वीज उतरावी म्हणून सरांनी आधी हात कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला टेकवला, मग तिन्ही बसवल्या. बटण दाबलं. पडदा काळाच राहिला आणि आतून नुसती पिपाणी वाजू लागली.

"भांडतायत," मावशी म्हणाल्या.

सरांनी खोडरबर मागितला आणि पट्ट्यांचे दात घासले. तरीही पिपाणी. मग आठची पट्टी पहिल्या खाचेत घातली आणि आमची शेवटी. आता पडद्यावर मेमरीचा आकडा चढू लागला. नेहमीच्या जागी थांबला नाही, पुढे गेला, आणखी पुढे गेला.

फोटो वरून खाली हळूहळू उतरला. आधी अंबाड्यातली वेणी, मग कपाळ, मग नाक.

"आरं, वटा दिसतोय का?" मावशींनी विचारलं. त्यांना स्वतःचा चेहरा बघायची घाई नव्हती.

ओटा दिसला. त्याचा फुटलेला कोपरासुद्धा. मग त्या म्हणाल्या, "येवडी काली कशाला केलीस मला?"

संध्याकाळी पट्ट्या परत करताना मावशींनी सरांसाठी आणि यार्डाच्या साहेबांसाठी सुकटीच्या पुड्या दिल्या. उसनं भांडं रिकामं पाठवायचं नसतं. सर शाकाहारी. पुडी दोन बोटांत धरून म्हणाले, "घरी कळलं तर मला जिन्यात झोपावं लागेल." पण घेतली.

सरांचे आणि त्या साहेबांचे आभार पत्रकात छापणं तेव्हा आमच्या संघटनेला रुचलं नसतं. मलाही ते धाडस झालं नसतं. इथे मानतो, मनापासून.

सभेत दीर उठला आणि म्हणाला, "वटा आमच्या घराचा हाय." पुढच्या रांगेतल्या एका बाईने पत्रक उंच धरलं. "मंग ही कोन बसलीय, तुमची सून?" सगळा मांडव हसला. एकेक करत बायकांनी आपापली पत्रकं वर केली. जिकडे बघावं तिकडे ओट्यावर बसलेल्या मावशी. दीर खाली बसला. ओटा मावशींच्या नावावर लागला.

निघताना तो त्यांच्याजवळ आला. पत्रकाची घडी करत पुटपुटला, "फोटो मात्र बेस आलाय, वैनी."

"तुमाला ठेवा तो, भावजी," मावशी म्हणाल्या. "आनि उद्या सुनेला पाटवा. बाजूला बसवून धंदा शिकवते तिला."