विहीणबाईंचा ठेका

अख्ख्या हैदराबादेत कुणाच्या बापाचं न ऐकणारी माणसं दोनच: एक मी आणि दुसऱ्या आमच्या विहीणबाई. डॉक्टरपुढे तरी माझं काही चालत नाही; बाईंपुढे डॉक्टरचं चालत नाही. यजमान गेल्यावर त्या पुण्याहून मुलाकडे, म्हणजे माझ्या जावयाकडे, विद्यानगरला राहायला आल्या, आणि आल्या दिवसापासून साऱ्या जगाशी मराठीतच बोलतात. भाजीवाला तेलुगूत म्हणतो, टमाटे दाबू नका अम्मा, बाई म्हणतात, "मग काय कानाला लावून बघू?" आणि गंमत अशी की त्याला ते कळतं. इराणी चहाला त्या 'खीर' म्हणून नाक मुरडतात आणि दुसरा कप मागवतात. मी एकदा हसलो तर म्हणाल्या, "व्याही, नावं ठेवायला आधी खावं-प्यावं लागतं."

बाईंनी जन्मभर भजनी मंडळात ढोलकी वाजवली, इथं आल्यावर आमच्या मंडळातही. ती ढोलकी ओढून घ्यायला आम्ही कोठीच्या बाजारात एका वाद्यांच्या दुकानात गेलो, आणि तिथंच बिघडलं. दुकानाच्या माडीवर ड्रम शिकवायचा क्लास. वरून आवाज आला, धम्... धम्-धम्... चट्! बाई थबकल्या, आणि गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी न चढणारी बाई तो जिना चढून वर गेली. वर एक काटकुळा तेलुगू मास्तर. "हे काय म्हणायचं?" "हिप-हॉप, आंटी." "मला शिकव." पोरगं हसलं. बाईंपुढे हसू नये, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात जावयाच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकला आणि मधोमध ड्रम येऊन बसला.

ते बघायला मी गेलो. आमच्याकडे मुलीच्या बापानं लग्नात विहिणीचे पाय धुवायचे असतात. मी कुणापुढे वाकलेला माणूस नव्हे, पण लेकीसाठी वाकलो होतो. ज्या पायांवर मी चांदीच्या तांब्यानं पाणी घातलं, त्याच पायानं बाई आता पट्टी दाबून ड्रममधला मोठा ढोल बडवत होत्या. जावई परेशान. "आई, लोक काय म्हणतील?" "लोक गणपतीत डीजे लावतात, तेव्हा मी काही म्हणते?" खालच्या मजल्यावरचे एक रिटायर्ड साहेब तक्रार घेऊन आले. बाई म्हणाल्या, "मी दुपारी वाजवते. तुमच्या घरचा मिक्सर पहाटे फिरतो. बसा, चहा घ्या." साहेब चहा पिऊन गेले, तक्रार विसरले नाहीत. शेवटी जावयानं सांगून टाकलं: क्लासचा कार्यक्रम आहे, तिथं नीट वाजवलंस तर ड्रम राहील, नाहीतर विकू. बाई उठून उभ्या राहिल्या. "ड्रम गेला तर त्याच्या मागोमाग मी. पुण्याचं घर अजून माझ्या नावावर आहे." माझी लेक आत जाऊन रडली.

आणि बाईंची गाडी तर एकाच जागी अडत होती. भजनात शेवट आला की लय चढवायची, टाळ-टाळ्या सगळं पळवायचं, हे आपल्या हाडात मुरलेलं. हिप-हॉपला ते चालत नाही. त्याचा ठेका सुरू झाला तसाच, डुलत, जरा मागे रेलून, शेवटपर्यंत राहतो. बाईंचा हात शेवट दिसला की सुटायचा. मास्तर डोक्याला हात लावून म्हणायचा, "आंटी, ट्रेन छूट री क्या?" मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, "विहीणबाई, चढवा की लय. आपलं आहे ते. पोरांना काय कळतं?" बाई माझ्यावरच कडाडल्या. "ज्याचं जे आहे ते त्याच्यासारखं वाजवावं. उद्या तुमच्या भजनात कुणी धम्-चट् केलं तर चालेल?" मी चपला शोधायला लागलो. असं माझं फार कमी वेळा होतं.

नामपल्लीच्या एका हॉलात कार्यक्रम झाला. आमच्या भजनी मंडळातल्या सगळ्या बाया नऊवारी नेसून पुढच्या रांगेत, त्यांच्यात मी. रंगीत केसांची पोरं वाजवून गेली, मग बाई चष्मा सावरत बसल्या. ठेका धरला. काय सांगू, झोपाळ्यासारखा! जावई माझ्या शेजारी बसलेला. शेवट जवळ आला आणि माझे हात आपोआप उठले. मी टाळी धरली, बायांनी धरली, आणि आम्ही जन्माच्या सवयीनं लय चढवली. सगळा हॉल पळायला लागला. मास्तर विंगेत डोळे मिटून उभा. बाईंनी मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की तसं लग्नात मानपान चुकल्यावरही बघितलं नव्हतं. पण हात? हात तसूभर ढळला नाही. आम्ही पुढे पळालो आणि एकटे पडलो. एकेक टाळी गळली, आणि मग मुकाट बाईंच्या ठेक्यावर परत आली. शेवटचं चट्! पडलं तेव्हा सर्वांत आधी जावई उठून उभा राहिला.

परतताना ऑटोत बाई म्हणाल्या, "टाळ्या कुणी सुरू केल्या?" "मागच्या रांगेनं," मी म्हणालो. "असं?" मी विषय बदलला, "मग पुण्याचं?" "बघू. ड्रम उचलून कोण नेणार एवढ्या लांब?"

मी बाहेर बघत राहिलो. आनंद झाला, हे मुलीच्या बापानं दाखवायचं नसतं. खरं सांगायचं तर माझे भांडायचे सोबती एकेक करून गेले. नातवंडांना रागावलो तर 'ओके आजोबा' म्हणतात आणि मोबाइल बघतात. या शहरात मला मराठीतून 'तुमचं चुकलं' म्हणणारं एकच माणूस उरलंय, आणि ते अजून दुपारी ढोल बडवतं.