विमान नाकावर उभं राहिलं त्याचं कारण

निजामी अमदानीतल्या अधिकाऱ्यांना तुम्ही क्षमा केलीत का, असं मला अधूनमधून कुणी विचारतं. बाकीच्यांचं ठाऊक नाही. एका तहसीलदाराला मी अजून केलेली नाही.

हैदराबादेहून एक बडे साहेब दोन माणसांच्या विमानानं जाफराबादकडे यायचे होते. विमान उतरायला तहसीलदारांनी आमचं शेत पसंत केलं. घाटे भरलेला हरभरा उपटून फेकला, रान चोपून सपाट केलं, कमान उभारली. त्या दिवशी सकाळीच वीस भिस्ती पखालींनी पाणी शिंपडायला लागले. बड्या माणसाच्या वाटेवर धूळ उडू द्यायची नाही, हा रिवाज. पाहुणा घोड्यावरून येतो की आभाळातून, यानं रिवाजाला फरक पडत नव्हता.

"पानी कशाला मारून राह्यले, सरकार?" वडील म्हणाले. "काळी माती हाये. चाक धरंल."

"खामोश! विमान म्हणजे तुझी बैलगाडी आहे का?"

विमान उतरलं, थोडं धावलं, चाकं रुतली आणि ते नाकावर उभं राहिलं. पंखा मोडला, वैमानिकाचं डोकं फुटलं. साहेबांच्या फक्त शेरवानीला चिखल लागला, पण तेवढा पुरे होता. तहसीलदारांनी वर कळवलं : पिकाच्या रागानं शेतकऱ्यानं जमीन मुद्दाम भुसभुशीत ठेवली. वडिलांना चावडीत कोंडलं. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, आणि शेत जप्त.

चौथ्या दिवशी चौकशी अधिकारी आले. माती वाळली होती. दवाखान्यातून वैमानिकानं लिहून पाठवलं होतं, जमीन मऊ लागली. ते पाण्यालाही लागू पडत होतं आणि भुसभुशीत रानालाही. पाण्याचं नाव काढायची गावात कुणाची छाती नव्हती. मी शाळामास्तर, म्हणून वडिलांचा दुभाषा. पण आरोपीच्या मुलाचं कोण ऐकणार? तहसीलदारांचं मात्र ऐकलं गेलं असतं.

मी हात जोडून उर्दूत म्हणालो, "हुजूर, झालं ते झालं. पण बंदोबस्त तारीफ करण्याजोगा होता. धुळीचा कण उडाला नाही. आमच्या पाटलांनी पाणी काय सुरेख मारून घेतलं!"

तहसीलदारांना ते सोसवलं नाही. "पाटलाला काय अक्कल? वीस भिस्ती मी लावले. सकाळपासून स्वतः उभा होतो. एक वीतभर जागा कोरडी सोडली नाही!"

अधिकाऱ्यांची लेखणी थांबली. त्यांनी ते वाक्य तहसीलदारांकडून पुन्हा वदवून घेतलं आणि लिहिलं. मग वडिलांना सोडायला सांगून मला म्हणाले, "यांना समजावून सांगा."

चावडीच्या दारात अख्खं गाव उभं होतं. मी तहसीलदारांचं वाक्य खणखणीत मराठीत सांगितलं.

"कळलं रे, बस कर," वडील म्हणाले. "चल घरी."

मी ते आणखी एकदा सांगितलं, तहसीलदारांकडे तोंड करून.