नानीचं मीठ

शेंगदाणे खावेत तसं नानी खडेमीठ खायची. मेंढ्यांसाठी आणलेल्या मिठातला एक खडा त्यांच्यापुढे, एक आपल्या गालफडात. नानी म्हणजे माझी चुलती, डिंगोरे गावात आमच्या घराण्यातली मेंढरं राखणारी शेवटची बाई. बाकीचे आम्ही शेतीला नाहीतर नोकरीला लागलो होतो.

कोणी हसलं की म्हणायची, "आंगाला काय पायजे ते मेंढराला बराबर कळतं राव. त्याला डागदर लागत न्हाई."

दोन वर्षांत ती काळवंडली, हिरड्यासुद्धा. आम्ही म्हणालो, ऊन. उठताना भोवळ यायची. आम्ही म्हणालो, वय. जेवण तुटलं, मीठ मात्र वाढलं. शेवटी मी जुन्नरला तिचं रक्त तपासून घेतलं. क्रिएटिनिन जरा जास्त आलं. रिपोर्ट डॉक्टरला दाखवायच्या आधीच मी निकाल देऊन मोकळा झालो. किडनी म्हटलं की मीठ बंद, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. मी तर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा.

"तू शिकल्याला हायेस. तू म्हंतोस म्हंजी तसंच," नानी म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिचं कालवण अळणी झालं.

दहाव्या दिवशी ती मेंढरांतच कोसळली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ग्रंथी सुकली होती. मीठ धरून ठेव, असं मूत्रपिंडाला सांगणारं संप्रेरक तिच्यातच बनतं. ते नाही, म्हणून मीठ लघवीवाटे निघून जात होतं, रक्तदाब उतरत होता, आणि मूत्रपिंडाला गाळायला पुरेसं रक्तच पोचत नव्हतं. क्रिएटिनिन वाढलं ते त्यामुळे.

"त्या मिठावरच त्या तगून होत्या. बंद कोणी केलं?"

"मी."

अल्डोस्टेरॉन, तेच ते संप्रेरक. दरवर्षी बारावीच्या वर्गात मी हा शब्द फळ्यावर लिहितो आणि खाली दोन रेघा ओढतो. परीक्षेला हमखास येतो. बाई बोलत होत्या तेव्हा मला काहीच वाटलं नाही. रडू अजूनही आलेलं नाही.

सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. उशीर झाला होता. शेवटच्या सकाळी ती शुद्धीवर आली. मी तिला सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही. आता शिव्या देईल असं वाटलं. शिव्यांना ती कधी कमी नव्हती.

तिने माझा हात धरला. तिला बहुतेक अर्धंच कळलं होतं.

"मिठाची गोणी उशाशी व्हती," ती म्हणाली. "पर तुला सबूद दिल्याला. एक खडा बी चोरला न्हाई बघ."

तिला शाबासकी हवी होती. मी ती दिली.