धुरीची खोली

बाळंतपण म्हटलं की लोकांना डिंकाचे लाडू, अळीवाची खीर आणि दुपट्यातलं बाळ आठवतं. मला संताप आठवतो. तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

माहेर म्हणायला माझं कुणी उरलं नव्हतं, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही मी सासरीच होते, मुलुंडला. हॉस्पिटलमधून घरी सोडताना वॉर्डातल्या सिस्टरने मुलीचं झबलं वर करून दाखवलं. छातीला दोन्ही बाजूंनी सुपारीएवढी सूज होती.

"घाबरू नका, आईच्या हार्मोन्समुळे येते. मुलग्यांनाही येते, आपोआप जाते. फक्त कुणाला दाबू देऊ नका. मालीशवाल्या बाया दाबून दूध काढतात, मग ते पिकतं."

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मानही डोलावली.

मालीशवाली बाई आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या पोरांना न्हाऊ घातलेली. ती आली त्या दिवशीच मी तिला सांगितलं, छातीला हात लावायचा नाही. ती नुसतीच हसली. सासूबाई म्हणाल्या, "असां काय नसता गो. मुलगी आसा, दूध काढलां नाय तर पुढे तिकाच तरास होतलो. आमी काय पोरां वाढवूक नाय?"

"नको म्हणजे नको," मी म्हटलं. त्या पाणी तापवायला निघून गेल्या. मला वाटलं, ऐकलं.

मग रोजचं सुरू झालं. आधी माझी मालीश, मग कढत पाण्याने आंघोळ, मग आतल्या खोलीत धुरी. शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, दार बंद, कानांत कापसाचे बोळे, वरून घट्ट बांधलेला स्कार्फ. फ्लॅटच्या एवढ्याशा खोलीत तो धूर मावायचा नाही, डोळे नुसते चुरचुरायचे. आणि नेमकं तेव्हाच बाहेर बाथरूममध्ये मुलीची आंघोळ चालायची. बोळ्यांतूनही तिचं किंचाळणं आत यायचं. मी टाके सांभाळत उठून दार उघडलं, की सासूबाई दारातच उभ्या. "वारो लागतलो, आत बस."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सव्वा महिन्याचा तर प्रश्न आहे यार. आईला दुखवू नकोस ना." जसं काही दुखणं फक्त त्याच्या आईलाच होतं.

एका सकाळी पाजायला घेतलं, तर माझ्या अंगाला छाती टेकताच पोरगी कळवळून रडली. झबलं वर केलं. एक बाजू लालबुंद, टणक, आणि अंग तापलेलं. मालीशवाली तेव्हा बाथरूममध्ये पाणी काढत होती. मी तिला हाक मारून विचारलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. "रोज थोडं थोडं काढते ना. आजींनीच सांगितलं, सुनेला बोलू नको, ती उगाच टेन्शन घेते."

सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. त्या मीठ-मिरच्या घेऊन येईपर्यंत मी स्कार्फ फेकून, मुलीला घेऊन त्याच हॉस्पिटलला जायला रिक्षात बसले होते.

पू झाला होता. त्या एवढ्याशा छातीवर चीर द्यावी लागली. हे रक्तात पसरलं तर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि मी तिच्या पायातल्या सलाइनच्या सुईकडे बघत ताप उतरायची वाट बघत बसले. माझी पोर मरेल, एवढंच डोक्यात होतं. त्याच सिस्टरने मला ओळखलं.

"सांगितलं होतं ना तुम्हाला? आईचं लक्ष कुठे होतं?"

मागून आलेल्या सासूबाई तिथेच बाकावर बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

आईचं लक्ष! लक्ष होतं हो, दाराबाहेर पडायची सोय नव्हती. सगळ्या सूचना आईला द्यायच्या, आणि त्याच आईला घरात कानांत बोळे घालून कोंडायचं. वर जाबही तिनेच द्यायचा. सिस्टर कामाला चोख होती, माझ्या मुलीला तिने जिवापाड जपलं, पण त्या एका वाक्यासाठी मला तिचाही राग आहे.

मुलगी वाचली. व्रण राहिला. नातेवाइकांना सासूबाई सांगतात, उन्हाळ्यातला फोड होता.

यंदा नणंद बाळंतपणासाठी माहेरी आली. तिलाही मुलगी झाली. मालीशवाली तीच. मी स्वयंपाकघरात खीर ढवळत होते. बाईने पाय पसरून बाळाला पायांवर घेतलं, तेवढ्यात बाथरूमच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला. "छातीक हात लावू नको हां. पिकता तां. आमच्याकडे एकदा झालेलां." मग आतल्या खोलीकडे वळून लेकीला, "धुरी मागाहून घे गो, आधी बाहेर येऊन बस. पोर नजरेसमोर असूक व्हया."

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझी मुलगी तिथेच बसून बाळाची आंघोळ बघत होती. असू दे, म्हटलं, तिनेही ऐकू दे.

"मी हेच सांगत होते ना तेव्हा?"

"तेव्हाचां येगळां होतां गो," त्या म्हणाल्या.

"काय वेगळं होतं?"

सासूबाई टॉवेल शोधायला आत निघून गेल्या. टॉवेल त्यांच्या खांद्यावरच होता. उत्तर मला माहीत आहे, पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय. अजून मी रोज विचारते.