दारापाशीचं पोतं

"त्यात न्हाय, भागे. तुमचं तिकडं."

बाईसाहेबांनी पोत्याच्या तोंडावर हात ठेवला होता. पालथा. आईनं गाठोडं सोडलं होतं, ज्वारी ओंजळीत घेतली होती. ओंजळ तशीच अधांतरी राहिली. पुढं टेबल, टेबलावर क्रूस भरलेलं पांढरं कापड, आणि टेबलाच्या पायाशी ते पोतं. बाईसाहेबांनी हनुवटीनं दाराकडं दाखवलं. लोक चपला काढतात तिथं दुसरं पोतं ठेवलेलं होतं.

"प्रभूला काय, कुठनं बी पोचतंच की." हे त्या हसून म्हणाल्या.

आई वळली. दाणा सांडू न देता मंडळीतून वाट काढत मागं गेली. मंडळी गीत म्हणत होती. कुणाचा सूर मोडला नाही.

बाईसाहेब म्हणजे आमच्या पाळकसाहेबांची बायको. आईला बाप्तिस्मा पाळकसाहेबांनीच दिला, मार्था हे नावही त्यांनीच ठेवलं. बाईसाहेबांच्या तोंडी ते नाव कधी आलं नाही.

इथं मला राग आला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. खोटं आहे ते. मी आईकडं बघतच नव्हते. मी एस्तेरकडं बघत होते.

एस्तेर त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. पुढं सतरंजीवर बसायची. वेण्यांना तेल, निळा परकर. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट तीच धरायची. ताटावर झाकलेलं कापड तिच्या श्वासानं किंचित हलायचं, आणि मी मागं दारापाशी उकिडवी बसून त्या कापडाकडं बघत जळायची. भूक लागलेली असली तरी भाकरीवर नजर नसायची. त्या धरण्यावर असायची.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, सडकेपासून आत. राज्य निजामाचं होतं, दूर कुठं लढाई चालू होती आणि गावातली ज्वारी सरकारी लेव्हीत जात होती. माझा बाप गावचा येसकर. बाप्तिस्मा घेतला आणि त्यानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, येसकरी सोडली. गावानं भाकर बंद केली. पाटील चावडीवर म्हणाला, "किरिस्ताव झालास न्हवं? माग आता तुझ्या येशूला भाकर."

बापानं मागितली नाही. उलट आम्ही येशूला द्यायला लागलो.

मंडळीत मुठीची रीत होती. रोज दळायला बसायच्या आधी मूठभर दाणे देवाचे म्हणून वेगळ्या गाडग्यात टाकायचे आणि रविवारी देवळात न्यायचे. आई ही मूठ स्वतःच्या हातानं घालत नसे. झुंजुमुंजू व्हायच्या वेळी बापाला उठवायची.

"उठा. देवाची मूठ घाला."

"तुला हात न्हाईत व्हय?"

"माझ्या मुठीत काय मावतंय? तुमचा हात मोठा हाय."

"देवाला द्यायला माझी मूठ," बाप डोळे चोळत म्हणायचा, "आन् मला वाढायला तुझी."

आई हसायची. मग जात्याशी डोळे मिटून पुटपुटायची. शाळा तिनं बघितली नव्हती. पण देव आपला आहे आणि आपल्या घरातलं काहीतरी रोज त्याच्याकडं जातं, एवढं तिला पक्कं होतं. ज्या दिवशी घरात ज्वारी नसे त्या दिवशी ती दुसऱ्याच्या खळ्यावर मातीत सांडलेले दाणे वेचून आणायची, धुवायची, त्यातली मूठ आधी गाडग्यात टाकायची.

पुढच्या पोत्यात पाळकसाहेबांच्या घरची ज्वारी असायची. ते मूळचे लिंगायत वाणी. त्यांच्यातली आणखी दोन-तीन घरं मंडळीत होती, त्यांचीही त्यातच. प्रभुभोजनाची भाकर त्याच पोत्यातली व्हायची, सुगीच्या सणाचं जेवणही. मागच्या पोत्यात म्हारवाड्याची ज्वारी. ती गरिबांना वाटतात, असं सांगितलेलं होतं. गावात आमच्यापेक्षा गरीब कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही.

प्रार्थना करायला मला आईनं शिकवलं. मन लावून करायला मी एस्तेरमुळं शिकले. आई म्हणायची, रोज देवाशी बोलावं, मनातलं सांगावं. मी सांगत होते. देवा, एस्तेरला ताप येऊ दे. तिच्या वेण्या गळू देत. ताट धरताना तिचा हात थरथरू दे. पाटलासाठी, पटवाऱ्यासाठी, आमच्या गळक्या छपरासाठी मी कधी इतक्या कळकळीनं काही मागितलं नाही.

त्या पावसाळ्यात एस्तेरला हिवताप आला.

बाईसाहेबांना घरात हात कमी पडायला लागले. त्यांनी आईला निरोप धाडला, पोरगी वरकामाला पाठव. मला वाटलं, देवानं ऐकलं. आज हे लिहिताना लाज वाटते. पण त्या दिवशी मी नाचत गेले.

अंगण झाडायचं, धुणं धुवायचं, घोडीला बघायचं. पाळकसाहेबांची पांढरी घोडी होती, तिच्यावर बसून ते खेडोपाडी प्रचाराला जायचे. स्वयंपाकघरात मला जाऊ देत नसत. जात्याला, पिठाला, माठाला हात लावायचा नाही. हे कुणी रागावून सांगितलं नाही. घरात माणसं आपसात कानडी बोलत, आणि मला कळू नये असं काही असलं की हमखास. मी कान देऊन शिकले. एस्तेरला जे येतं ते मला आलं पाहिजे, एवढाच ध्यास.

एस्तेर खाटेवर पडून माझ्याशी गप्पा मारायची.

"तुझी आई देवाला एवढं दाणं देती, मग तुमचं छप्पर का गळतंय गं?"

"तुझा बाप देवाचं पुस्तक वाचतो, मग तुला हिव का भरतंय?"

ती खदखदा हसली. खोकला लागेपर्यंत हसली. मग तिनं तिचा जुना निळा परकर मला दिला. तिला माझ्याबद्दल काही वाईट वाटत नव्हतं, आणि त्यामुळं मी जास्तच जळले.

एका सोमवारी बाईसाहेब दारापाशीचं पोतं अंगणात घेऊन आल्या आणि त्यांनी पाळकसाहेबांना कानडीत विचारलं, हे कुठं ठेवू. ते पुस्तकातनं मान वर न करता म्हणाले, "कुदुरिगी हाकु." घोडीला घाल. मला कळलं. शिकले होते ना.

बाईसाहेबांनी पोतं माझ्यापुढं ठेवलं. "दगडावर भरड आन् भिजव. घोडीची चंदी हाय."

मी म्हणाले, "ही तर गरिबांना वाटायची हाय न्हवं?"

 बाईसाहेब म्हणाल्या, "मुकं जनावर गरीबच की गं."

मी भरडली. भिजवली. घोडीपुढं धरली. तिचे मऊ ओठ तळहाताला लागले, गरम श्वास लागला. त्या ज्वारीत माझ्या आईनं मातीतून वेचलेले दाणे होते. मला ते माहीत होतं. मी दुसऱ्या हातानं परकराची घडी सारखी केली.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "तू त्यांच्याच घरी असतीस. आपली मूठ पोचती ना गं गरिबांना?"

"व्हय," मी म्हणाले.

आईचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवसापासून तिनं बापाला दोन मुठी घालायला लावल्या. आणि रात्रीची भाकर स्वतःला वाढून घेणं बंद केलं. विचारलं तर म्हणायची, दुपारचंच पोटात हाय. सुगीपर्यंत तिच्या गालफडांची हाडं वर आली. मला दिसत होतं. मी बोलले असते तर ते घर सुटलं असतं, ते अंगण, तो परकर. आणि ताट. एस्तेर अशक्त होती. कुणीतरी ताट धरायला लागणार होतं. मी वाट बघत होते.

सुगीचा सण आला. सोलापूरहून मिशनच्या मडमसाहेब येणार होत्या. सणाच्या आदल्या दिवशी बाईसाहेबांनी मला जवळ बोलावलं, म्हणजे उंबऱ्यापर्यंत.

"उद्या ताट तू धर. मडमसाहेबांना बरं वाटंल, तुमच्यातली पोरगी बघून. न्हाऊन ये, तो परकर घाल. आन् हे बघ, ताट धरायचं. भाकरीला बोट लागलं न्हाय पायजे."

अट मला ऐकूच आली नाही. मला मिळालं होतं.

रविवारी मी ताट धरून पुढं उभी राहिले. कापडावर माझा श्वास लागत होता. सतरंजीवर एस्तेर भिंतीला टेकून बसली होती, ती माझ्याकडं बघून हसली. तेव्हासुद्धा मला वाटलं, ही रडायला पाहिजे होती.

पाळकसाहेब एकेकाला भाकरीचा तुकडा देत निघाले, मी त्यांच्या मागं. पुढच्या ओळीत ते प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवत होते. बोटं हाताला टेकत होती. मग आमची माणसं आली. आणि मी पहिल्यांदा जवळून बघितलं. मागं बसून कधी दिसलं नव्हतं, कारण आमच्या वेळी आमचे डोळे मिटलेले असायचे. पाळकसाहेबांचा हात वर थांबायचा आणि तुकडा सुटायचा. खाली पसरलेल्या हातांत पडायचा.

आई सगळ्यांत शेवटी. डोळे मिटलेले. ओंजळ पसरलेली, जात्याच्या खुंट्यानं पडलेले घट्टे, नखांत माती. तुकडा वरून पडला. ओंजळीच्या काठाला लागून सतरंजीच्या पलीकडं, मातीत गेला. आईनं डोळे उघडले, तो उचलला, फुंकर मारली आणि कपाळाला लावला.

घोडीला मी हातानं भरवत होते. तिचे ओठ माझ्या तळहाताला लागत होते.

मी ताट खाली ठेवलं.

"आई, आपली ज्वारी घोडी खाती. म्याच घातली."

मडमसाहेबांनी पाळकसाहेबांकडं बघितलं. पाळकसाहेब म्हणाले, "पोरी, गप बस." मी दारापाशी गेले. पोतं जड होतं, पोटाशी धरून ओढत पुढं नेलं. बाईसाहेब उठेपर्यंत मी ते पुढच्या पोत्यात रिकामं केलं. ज्वारी ज्वारीत गेली. वरनं मी कोपरापर्यंत हात घालून ढवळली.

"निवडा आता," मी म्हणाले. "आमचं कंचं आन् तुमचं कंचं."

कुणी निवडलं नाही. पुढं कळलं, ते सगळं पोतंच घोडीला गेलं. स्वतःची ज्वारीही त्यांनी सोडली, पण आमच्यात मिसळलेली शिजवली नाही.

आईनं तेव्हा एवढंच विचारलं, "कवापासनं?"

"पावसाळ्यापासनं."

तिनं हातातला तुकडा परत ताटात ठेवला, हळूच, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. आणि बाहेर गेली. बाप गेला. आणखी काही घरं गेली. आमच्यातली सगळी नाही. काही जण भाकर खाऊनच घरी आले, आणि त्यांना मी दोष देत नाही. मी तर घोडी सांभाळली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं बापाला उठवलं.

"मूठ घाला."

"आता कुठं न्यायची?"

"कुठं न्हाय. देवाची हाय, हितंच होऊ दे."

ती मूठ तिनं दळली, तिची भाकर थापली. बाप अडखळत प्रार्थना बोलला. त्याला पाळकसाहेबांसारखे शब्द येत नव्हते, मधेच थांबून तो म्हणाला, "बाबा, एवढंच हाय." बाहेर पडलेल्या घरांतली माणसं आमच्या अंगणात बसली होती. आई एकेकाच्या हातावर तुकडा ठेवत आली. माझ्यापुढं थांबली. तुकडा पुढं केला, पण सोडला नाही.

"अजून एस्तेर व्हायचंय का तुला?"

खोटं बोलायची सवय झाली होती. तरी त्या हातापुढं बोलता आलं नाही. मी मान खाली घातली.

"मग घिऊ नको," आई म्हणाली, आणि पुढं गेली.

पुढं दर रविवारी अंगणात भाकर मोडली जायची, आणि आई माझ्यापुढं थांबायची. विचारायची नाही. नुसती थांबायची. मी मान खाली घालायची. आई गेली त्या वर्षीपर्यंत मला 'न्हाय' म्हणता आलं नाही. लोकांना वाटायचं, पोरीनं देव सोडला. मी देव सोडला नव्हता. मी रोज पहाटे मूठ घालत होते, आजही घालते. पण आईच्या हातून खोटं बोलून खायचं नाही, हे मात्र धरून ठेवलं. माझ्या विश्वासाचा तेवढाच भाग मला खरा वाटतो.

निजामाचं राज्य गेलं. आता जुन्या देवळाच्या जागी पक्की इमारत झाली आहे. उद्घाटनाला एस्तेर येणार आहे. तिचे मालक मोठे डॉक्टर आहेत, वर्गणी त्यांचीच मोठी. तिच्या नावाची फरशी बसणार, हे कळलं तेव्हा माझ्या छातीत तेच जुनं उसळलं. या वयात. केस पिकले तरी.

मंडळीचे नवे पाळक घरी आले होते. चांगला मुलगा आहे. म्हणाले, "मावशी, तुम्ही जुन्या. एस्तेरबाईंच्या शेजारी उभं राहून साक्ष द्या. प्रभूनं किती आशीर्वाद दिले, ते सांगा. जुनं कडू नको."

मी त्यांना चहा दिला आणि हो म्हणाले.

साक्ष द्यायची, तर या कागदावर लिहिली ती ही आहे. घोडीची, माझ्या तळहाताची, एस्तेरच्या तापासाठी केलेल्या प्रार्थनेची. वरून सुटलेल्या तुकड्याची. एस्तेर शेजारी असेल आणि तिला वाईट वाटेल. वाटू दे, मलाही वाटेल. मी तिचा हेवा अजून करते, हे तिच्याच तोंडावर सांगणार आहे. तिच्या आईवडिलांनी काय केलं, हेही त्याच दमात सांगणार आहे. एक झाकून दुसरं सांगणार नाही.

पाळकांनी मधेच गीत सुरू केलं, तर गीत संपेपर्यंत मी उभी राहीन. मग पुढचं वाक्य वाचीन.