आरपार वाऱ्याचा प्रबंध

ओग्न्येनच्या प्रबंधाचा विषय कळला तेव्हा आमच्या इमारतीतल्या बायका त्याच्या आईकडे, देसांकामावशीकडे, अशा नजरेनं पाहू लागल्या, जशा नजरेनं पोरगा तुरुंगात गेलेल्या आईकडे पाहतात. विषय असा होता: वर्गातल्या समोरासमोरच्या खिडक्या एकाच वेळी उघड्या ठेवल्या तर विद्यार्थ्यांचं डोकं जास्त चालतं का?

सर्बियात जन्मलेल्या माणसानं असला विषय घ्यावा म्हणजे कमालच. आमच्याकडे राज्यं आली, गेली, देशाचं नाव बदललं, नोटांवरचे चेहरे बदलले, पण खोलीतून आरपार जाणाऱ्या वाऱ्याची भीती कुणाला जागची हलवता आली नाही. त्या वाऱ्याला आम्ही प्रोमाया म्हणतो. मान आखडली, दाढ ठणकली, कंबर धरली, तोंड वाकडं झालं, सगळं तिच्यामुळे. भर उन्हाळ्यात बसची एक खिडकी उघडली तर लोक सहन करतात. समोरची दुसरी उघडणाऱ्याला त्याच्या आईवडिलांबद्दल बरंच काही ऐकून घ्यावं लागतं.

ओग्न्येन काही क्रांतीबिंती करायला निघाला नव्हता. चाळिशी उलटलेला, टक्कल पडत चाललेला हा गृहस्थ तरुणपणी विद्यापीठात साहाय्यक म्हणून लागला आणि साहाय्यकच राहिला. स्वेतोझार सरांचे पेपर तपासायचे, त्यांचे तास घ्यायचे, हिवाळ्यात त्यांचा कोट धरायचा, यात त्याची स्वतःची डॉक्टरेट मागे पडत गेली. शेवटी विद्यापीठानं बजावलं की या उन्हाळ्यापर्यंत पदवी घ्या, नाहीतर खुर्ची रिकामी करा. नेमका तेव्हाच फिनलंडच्या एका विद्यापीठाबरोबरचा युरोपीय प्रकल्प पदरात पडला. हुंड्याबरोबर नवरी यावी तसा पैशाबरोबर विषय आला. स्वेतोझार सर म्हणाले, विषयाकडे बघू नकोस, पदवीकडे बघ.

मग दोन वर्ग निवडले. एक बंद, एक उघडा. उघड्या वर्गात पोरं मे महिन्यात मफलर गुंडाळून यायची आणि वाऱ्याच्या वाटेतली बाकं सोडून एका कोपऱ्यात कोंबड्यांसारखी दाटीवाटीनं बसायची. कुणी नाक शिंकरायला उठलं की परतताना सहज हात लागल्यासारखं करून खिडकी ढकलून यायचं. यावर उपाय म्हणून प्रकल्पातल्या तीन विद्यार्थ्यांनी एक यंत्र बनवलं. खिडकी मिटली की लाल दिवा लागायचा. यंत्र छान चाललं. फक्त त्यावर लक्ष ठेवणारी ती तिघं वारा लागू नये म्हणून बाहेर जिन्यात बसायची, आणि दिवा आत.

आणि ओग्न्येन? तो बंद वर्गात बसायचा. प्रत्येक वेळी. तिथंही कुणीतरी हवंच ना, असं तो म्हणे. त्याच्या मानेला लहानपणापासून आईच्या हातची लोकरी पट्टी आणि आईच्याच तोंडचे इशारे सवयीचे होते. एवढं सगळं होऊन आकडे मात्र उघड्या वर्गाच्या बाजूनं झुकले. थोडेसेच, पण झुकले. स्वेतोझार सरांनी आलेख उलटसुलट करून पाहिला आणि थंडीनं पोरांना झोप लागली नसेल असा निर्वाळा दिला. प्रबंध मंजुरीला गेला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी देसांकामावशी पहाटेपासून राबत होती. आमच्याकडे उमेदवार उत्तरं काय देतो याला महत्त्व आहेच, पण शेजारच्या खोलीत त्यानं काय मांडलंय यालाही आहे. मावशीनं पातळ पोळ्यांच्या थरांत पालक आणि चीज भरून पिटा केला होता, कोकरू भाजून आणलं होतं, आणि मामानं घरी गाळलेली आलुबुखाराची दारू, राकिया, होती. हे सगळं मांडून ती सभागृहाच्या शेवटच्या रांगेत येऊन बसली.

समोर परीक्षक तीन. अध्यक्ष स्वेतोझार सर. त्यांच्या शेजारी ल्युबिंकाबाई, ऐन जूनमध्ये खांद्यावर शाल. आणि तिसऱ्या फिनलंडहून आलेल्या प्राध्यापक हिल्का, बिनबाह्यांचा झगा, नुकत्याच नदीत पोहून आलेल्या, केस ओले. ते ओले केस पाहून मावशीनं छातीवर क्रूसाची खूण केली.

ओग्न्येननं इंग्रजीतलं सादरीकरण निभावलं. ल्युबिंकाबाईंनी संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांबद्दल विचारलं, त्याचंही उत्तर दिलं. एव्हाना भाजलेल्या कोकराचा वास दाराखालून आत येत होता, आणि स्वेतोझार सरांनी फाईल मिटायला घेतली होती. तेवढ्यात हिल्काबाईंनी हात वर केला.

"मोजणी चालू असताना तुम्ही स्वतः कुठल्या वर्गात होतात?"

ओग्न्येनच्या कपाळावर घाम आला. दोन्हीकडे, असं म्हणता आलं असतं. पण मागे आई बसली होती, आणि आईसमोर तो कधी खोटं बोलू शकला नव्हता, मग तिला इंग्रजीचं एक अक्षर का कळेना.

"बंद वर्गात."

"नेहमी?"

"नेहमी."

"का?"

"माझी मान आखडते."

ल्युबिंकाबाईंनी सहानुभूतीनं मान डोलावली. अख्ख्या प्रबंधातलं त्यांना मनापासून पटलेलं हे पहिलं वाक्य होतं. हिल्काबाईंनी मात्र हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, जी गोष्ट डोक्याला चांगली असं तुम्ही लिहिता, तिच्यात तुम्ही स्वतः उभे राहत नसाल तर मी सही कशावर करू? आणि उठून त्यांनी डावीकडची खिडकी उघडली. मग उजवीकडची.

वारा शिरला. कागद उडाले. ओग्न्येन बरोबर मधोमध उभा होता, घामानं भिजलेल्या सदऱ्यात, उघड्या मानेनं. स्वेतोझार सरांनी कॉलर वर केली. ल्युबिंकाबाईंनी शाल डोक्यावरून घेतली. हिल्काबाईंनी शांतपणे पुढचा प्रश्न विचारला. मोठा, तीन भागांचा.

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. देसांकामावशी उठून खिडकीकडे निघाली होती, आणि सगळं सभागृह मनातून तिच्याबरोबर चाललं होतं.

"आई, बस," ओग्न्येन म्हणाला.

"अरे, घाम आलाय तुला. वेडा झालास का?"

"खिडकीला हात लावू नकोस. बस."

असं तो आईशी जन्मात बोलला नव्हता. मावशी जिथं होती तिथंच, पहिल्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि पर्स पोटाशी धरून मुलाकडे पाहत राहिली, जणू तो सैन्यात चाललाय. ओग्न्येननं प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर दिलं. दुसऱ्याचंही दिलं, आवाज कापत होता तरी जागचा हलला नाही. तिसऱ्याला सुरुवात करणार तोच स्वेतोझार सर एक हात मानेवर ठेवून उभे राहिले.

"माझं समाधान झालंय. ल्युबिंकाबाई, तुमचं?"

"केव्हाच," शालीतून आवाज आला.

हिल्काबाईंनी ओग्न्येनकडे एकवार नीट पाहिलं आणि हसून होकारार्थी मान हलवली. अध्यक्षांनी निकाल इतक्या घाईनं वाचला की अर्धी वाक्यं वाटेतच सांडली, आणि सगळी परीक्षक मंडळी कोकराच्या खोलीत शिरली. तिथं घट्ट मिटलेल्या खिडक्यांआड, वाफेत आणि सिगारेटच्या धुरात, ताज्या हवेवरच्या नव्या संशोधनासाठी पहिला प्याला उचलला गेला. हिल्काबाईंना तेवढा वेळ दारात उभं राहावं लागलं, श्वास घ्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर ओग्न्येन जागा झाला तो डोळे मिटूनच. आधी मान उजवीकडे वळवून पाहिली. वळली. मग डावीकडे. तीही वळली. वर, खाली, गोल. लोण्यासारखी. तो उठून बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. प्रबंधातल्या एकाही आलेखानं त्याला असं घाबरवलं नव्हतं.

दार ढकलून मावशी आत आली. एका हातात राकियाची बाटली, दुसऱ्या हातात लोकरी पट्टी, चेहऱ्यावर रात्रभर न झोपल्याची खूण.

"आखडलीय ना?"

ओग्न्येननं तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात एकदा मोजणी त्यानं स्वतःच्या अंगावर केली होती, आणि निष्कर्ष शंभर टक्के स्वच्छ निघाला होता. हिल्काबाईंना कळवला असता तर त्या खूश झाल्या असत्या.

"थोडीशी," तो म्हणाला आणि मान तिरकी धरून तिच्याकडे पाठ केली. मावशी समाधानानं राकिया चोळू लागली. योग्य वाटेल तिथं तो कण्हत राहिला.