रुमालाचं तिकीट

तिकिटावर खुर्चीचा नंबर होता, खुर्चीवर नव्हता. कागदी नंबर चिकटवले होते म्हणे, पण दुपारच्या वाऱ्यानं ते उडाले आणि मैदानाच्या कुंपणाला जाऊन अडकले. मग काय, ज्यानं आधी बूड टेकलं त्याची खुर्ची. मी पर्समधून रुमाल काढला आणि शेजारच्या खुर्चीवर अंथरला. बावन्न वर्षांची बाई, गाण्याच्या एवढ्या मोठ्या कार्यक्रमात, एस.टी.त जागा धरावी तशी रुमाल टाकून बसली होती. मला त्याची जराही लाज वाटली नाही.

जागा मैत्रिणीसाठी होती. ती राजारामपुरीत आठव्या गल्लीत राहते, मी तिसऱ्या. चालत दहा मिनिटं. तरी आम्ही एकमेकींच्या घरी शेवटच्या कधी गेलो होतो, ते मला आठवत नाही. मंडईत भेटलो की ती म्हणते, "ये की गं एकदा घरला." मी म्हणते, "तू ये की." आणि दोघी कोथिंबीर घेऊन आपापल्या गल्लीला लागतो. तिला नवरा, सून, नातू. मला एका क्लासच्या ऑफिसातली नोकरी आणि दोन खोल्या. मी लग्न केलं नाही. आई गेल्यापासून एका पातेल्यात माझा दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. एकटं राहायची सवय होते असं लोक सांगतात. मला झाली नाही.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत गिटार घेऊन हिंदी गाणी म्हणणारा एक गायक फार गाजला होता. लांब केस, फाटकी जीन्स, आणि आवाज असा की वर गेला की खाली यायचं नावच घेत नसे. तोच आता तीस वर्षांची सगळी गाणी घेऊन गावोगाव फिरत होता. कोल्हापूरच्या वाट्याला एक संध्याकाळ आली होती. मी दोन तिकिटं काढली आणि मैत्रिणीला फोनवर कळवलं. तिचं उत्तर आलं, "बघते." आपल्याकडं 'बघते' म्हणजे 'नाही', हे मला चांगलं ठाऊक आहे. मीही भावाला दिवाळीत हेच उत्तर देते. पण माणसाला हवं तेच ऐकू येतं. तीन आठवडे मी ती येणार असं धरून चालले, एक साडीसुद्धा इस्त्रीला दिली.

ही गाणी आम्ही दोघींनी मिळून ऐकली होती, पेठ वडगावहून कोल्हापूरला येणाऱ्या एस.टी.त. मी वडगावला, पहिल्याच स्टॉपवर चढायची. ती पुढं वाठारला चढायची, आणि तोवर गाडीत मुंगी शिरायला जागा नसायची. तिला गाडी लागायची, त्यामुळे तिला खिडकी हवी. म्हणून मी खिडकीशी रुमाल टाकून तिची जागा धरायची. कोणी विचारलं, "हितं कोण हाय का?" की मी ठणकावून सांगायची, "हाय! येणार हाय!"

माझ्याकडं मामानं दिलेला वॉकमन होता. कानात घालायची दोन बटणं. ती खिडकीशी, मी तिच्या उजव्या हाताला, म्हणून डावं बटण माझ्या कानात आणि उजवं तिच्या. त्या गायकाच्या गाण्यांत डावीकडं गिटार वाजायची आणि उजवीकडं भलतंच काहीतरी. मला ते ऐकू यायचं नाही. मी तिला कोपरानं ढोसायची, "काय वाजतंय तिकडं?" मग ती माझ्या कानाशी तोंड आणून गुणगुणून दाखवायची. तीन वर्षं आम्ही गाणी अशी ऐकली, अर्धी मी, अर्धी ती. आजही मी मोबाइलवर गाणी लावली की डावंच बटण घालते. उजवं पदरावर लोंबत असतं.

शेवटच्या वर्षी एकदा ती वाठारला दिसली नाही. पळत येईल म्हणून मी रुमाल काही उचलला नाही. कडेवर तान्हं मूल घेतलेली एक बाई उभी होती. तिच्याशी मी भांडले. सगळी गाडी माझ्यावर उलटली. कंडक्टर म्हणाला, "ताई, मग रुमालाचं तिकीट काढा." सगळे हसले. शिरोलीजवळ एक मोटरसायकल आमच्या गाडीला मागं टाकून गेली. मागं ती बसली होती, तोंडाला ओढणी बांधून. पुढं जो होता तो आता तिचा नवरा आहे. मी हे तिला कधीच बोलून दाखवलं नाही. ती मात्र हळूहळू गाडीनं यायची बंद झाली, आणि माझा वॉकमनही बंद पडला.

तर आता मैदानात दिवे लागले आणि तो स्टेजवर आला. केस कापलेले, पोट सुटलेलं, आवाजाची पट्टी खाली आणलेली. वरच्या सुरांना तो माईक लोकांकडं वळवायचा, आणि पोरं ते सूर उचलायची. त्यानं सांगितलं की आज गाणी उलटी होणार, नव्यापासून सुरू करून पहिल्या कॅसेटपर्यंत. मला बरं वाटलं. आमची गाणी शेवटी होती, म्हणजे तिला यायला अजून वेळ होता.

मागच्या पडद्यावर सालं मागं मागं जात होती. मधल्या वीस वर्षांतलं एकही गाणं मला येत नव्हतं. आजूबाजूचे सगळे म्हणत होते आणि मी दारावरची पाटी वाचावी तशी पडद्यावरची सालं वाचत होते. हे साल आईच्या आजारपणाचं. हे मी राजारामपुरीत आले त्याचं. एका गृहस्थानं वाकून विचारलं, "ताई, कोण हाय का हितं?" मी म्हटलं, "हाय. येणार हाय." थोड्या वेळानं तोच परत आला. मी म्हटलं, "पावणं, सांगितलं न्हवं? म्होरं बघा." तो पुटपुटत गेला. मला आतून मात्र धाकधूक वाटायला लागली होती.

पहिल्या कॅसेटचं साल यायला दोनच वर्षं उरली तेव्हा मी फोन लावला. उठले तर माझीच खुर्ची गेली असती, म्हणून एका कानात बोट घालून बसल्या जागेवरूनच बोलले.

"कुठं हायस? निघालीस का?"

"न्हाय गं. घरातच हाय."

"अगं आपली गाणी आता लागतील. रिक्षानं ये की."

ती म्हणाली, "खरं सांगू? रागवू नगंस. मला ती गाणी कधीच आवडली न्हाईत. तवा पण न्हाय."

"मग तीन वर्षं काय ऐकत हुतीस?"

"तू माझी जागा धरायचीस की रोज. तुला न्हाय कसं म्हणायचं?"

तिकडून नातवाचं रडणं ऐकू आलं. ती "ठेवते गं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. माझ्या आयुष्यातली तीन वर्षं चांगली गेली असं मी धरून होते, आणि ती तर नुसती जागेची परतफेड करत होती! दुसऱ्याच क्षणी मला एवढं एकटं वाटलं की उठून घरी जावंसं वाटलं. पण घरी तरी कोण होतं?

तेवढ्यात आमचं गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याआधी व्हायोलिनवाली मुलगी पुढं आली. म्हणजे उजवीकडं हे वाजायचं तर! सूर तेच होते, मैत्रिणीनं माझ्या कानात गुणगुणलेले. फक्त शेवटी तिचा सूर वर जायचा आणि हे व्हायोलिन खाली आलं. तिनं चुकीचं सांगितलं होतं, आणि तीस वर्षं मला ते गाणं त्या चुकीसकट पाठ होतं. मी मनातल्या मनात वर गेले आणि एकटीच पडले. मग मला ती दिसली, खिडकीशी, मळमळून पांढरी पडलेली, तोंडात आवळ्याची फोड, कानात न आवडणारी गाणी, आणि मी ढोसलं की तरीही माझ्याकडं वळणारी. मला रडू आलं. ते व्हायोलिनमुळं नव्हतं.

"बाई, हितं कोण हाय का?" नातवंडांबरोबर आलेली एक म्हातारी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "गुडघं लई धरल्यात."

"न्हाय," मी म्हटलं. "बसा." आणि रुमाल उचलला.

ती बसली, पाय लांब केले, आणि माझ्या हातातल्या रुमालाकडं बघून म्हणाली, "कुणासाठी धरलीवती?"

"मैत्रिणीसाठी."

"आली न्हाई व्हय?"

"तिला गाडी लागते," मी म्हणाले.